हवेचा फुगवटा

“मावशी, हे सगळं टाकायचं. एकही बाटली मागे ठेवायची नाही,” आमचे विभागप्रमुख सर दारातूनच म्हणाले.

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं. सोमवारी यंत्र न्यायला माणसं येणार आहेत. हे कपाट त्यांच्या वाटेत येतंय.”

“एकतीस वर्षांचे नमुने आहेत यात, सर.”

“आणि त्यातल्या निम्म्या नमुन्यांचे मालक आता आजोबा झालेत. कुणी परत मागायला येणार नाही. टाका.”

सर गेले. ते चुकीचं बोलत होते असं नाही. चुंबकत्व मोजायचं माझं यंत्र म्हातारं झालं होतं. गार राहायला त्याला दर आठवड्याला द्रवरूप हेलियम पाजावा लागायचा, आणि त्याच्या जागी आता असं नवं यंत्र येणार होतं की ज्याला काही पाजावं लागत नाही आणि माझ्यासारखं माणूसही लागत नाही. मीसुद्धा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. दोघांना एकदमच निरोप दिला की एका भाषणात काम भागेल, असं ऑफिसातले लोक म्हणत होते. मी त्यांच्याबरोबर हसत होते, पण ती गंमत मला आवडली नव्हती.

हातमोजे घालून मी कपाटासमोर बसले. एकेक बाटली उचलायची, चिठ्ठी वाचायची, वहीतल्या त्या क्रमांकावर रेघ मारायची आणि बाटली टाकाऊ रसायनांच्या डब्यात सोडायची. दोन खण झाले. तिसऱ्या खणात अगदी मागे, कापसात गुंडाळलेली एक काचेची नळी हाताला लागली. बोटाएवढी लांब, काडीपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड, दोन्ही टोकं ज्योतीवर वितळवून बंद केलेली. आत तळाशी काळपट तपकिरी स्फटिकांचे थोडेसे दाणे. चिठ्ठीवर बारीक, एकमेकांना चिकटलेली अक्षरं होती: नमुन्याचं वजन, तारीख, आणि खाली ‘हवा काढली आहे’. ‘काढली’च्या खाली दोन रेघा मारलेल्या.

ते अक्षर मुंगीचं होतं. मुंगी म्हणजे माझी भाची, माझ्या ताईची एकुलती एक मुलगी. चिठ्ठीवरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

हातातलं काम तसंच टाकून मी कितीतरी वेळ ती नळी बघत बसले.

माझं काम नक्की काय आहे हे मी ताईला आयुष्यभर समजावत आले, आणि तिला ते कधी कळलं नाही. ती शेजाऱ्यांना सांगायची, “आमची धाकटी लोहचुंबकाच्या हापिसात आहे.” अगदीच खोटं नव्हतं ते. आमच्या विभागातली मुलं-मुली धातूच्या आयनांचे गुच्छ तयार करायची. मँगनीजचे, लोखंडाचे, कोबाल्टचे सहा, आठ, बारा आयन, ऑक्सिजनच्या सांध्यांनी एकमेकांना बांधलेले. त्यातला प्रत्येक आयन म्हणजे एक इवलासा चुंबक. पण आठ चुंबक एकत्र आले की आठपट चुंबकत्व मिळतं असं मुळीच नाही. काही एकीकडे तोंड करतात, काही बरोबर उलट, आणि कोण कुणाकडे पाठ फिरवून बसलंय हे नमुना गारठवल्याशिवाय कळत नाही. भरल्या घरातही असंच असतं म्हणा. गारठवायचं म्हणजे साधं बर्फाएवढं नव्हे. ज्याच्याखाली थंडीच उरत नाही त्या शून्यापासून अंश मोजायचे, आणि त्या शून्याच्या जेमतेम दोन अंश वर जाऊन थांबायचं. नमुना सरबत प्यायच्या साध्या प्लास्टिकच्या नळीत अडकवायचा, लांब दांडीच्या टोकाला लावून यंत्रात सोडायचा आणि गार होता होता त्याचं चुंबकत्व मोजत राहायचं. शेवटी कागदावर एक रेघ मिळते. त्या रेघेवर कुणाची पदवी अडलेली असते, कुणाची नोकरी.

ही रेघ माझ्या हातून निघायची. मी शास्त्रज्ञ नाही, तंत्रज्ञ. पण भले भले शास्त्रज्ञ माझ्या नियमांना टरकून असायचे. लोखंडी चिमटा घेऊन कुणी आत आलं तर मी तो सरळ खिडकीबाहेर फेकलाय. त्याच्या टोकाचा न दिसणारा कण जरी नमुन्यात गेला तरी यंत्राला वाटतं, लोखंडाची खाणच लागली. अंगठ्या, पट्टे, केसांतल्या पिना, सगळं दाराबाहेर काढून ठेवायचं. रांग कुणासाठी मोडायची नाही, सरांसाठीसुद्धा नाही. आणि मी एखादा नमुना वाईट म्हटला की तो वाईट. काळ्या दगडावरची रेघ. तरी पोरं मला मावशी म्हणायची, हक्काने येऊन माझ्या डब्यातलं खायची.

अशा ठिकाणी मुंगी आली. लहानपणी सांडलेले दाणे एकेक करून वेचत बसायची, म्हणून मुंगी. ती आली तीही स्वतःच्या गुणांवर, माझा शब्दही खर्ची न घालता. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ती रुजू झाली त्याच दिवशी मी तिला जिन्यात गाठलं.

“हे बघ, इथे मी तुझी मावशी नाही. मला मॅडम म्हणायचं.”

“अगं, पण इथे तर सगळेच तुला मावशी म्हणतात!”

“त्यांनी म्हटलं तर चालतं. तू म्हटलंस की लोकांना वशिला दिसेल.”

ती खो खो हसली. “बरं, मॅडम,” म्हणाली, आणि त्यानंतर चार वर्षांत एकदाही चुकली नाही. अख्ख्या विभागाची मी मावशी होते आणि सख्ख्या भाचीची मॅडम.

वशिल्याच्या या भीतीपायी मी काय काय केलं ते आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. दुसऱ्या कुणाचं माप जरा वेडंवाकडं आलं तर मी न सांगता पुन्हा घ्यायची. मुंगीचं एकदाच. कुणाला घाई असली तर मागे सरकायचा तो मुंगीचा नंबर. ती तोंडातून ब्र काढायची नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची, की बघा, भाची असूनही झुकतं माप नाही.

चौथ्या वर्षी तिने आठ मँगनीजचा एक गुच्छ बनवला. त्याचे स्फटिक वाढायला अकरा महिने लागले. अंधाऱ्या कपाटात बाटली ठेवून ती दारावर कागद लावायची, ‘कृपया दार हळू लावा’, आणि कुणी आपटलं तर रडकुंडीला यायची. अखेर हाताला लागले ते चिमूटभर. मी माप घेतलं. रेघ सरळ उतरत आली आणि शेहेचाळीस अंशांवर तिला एक छोटासा फुगवटा आला.

असा फुगवटा मी शेकडो वेळा पाहिला होता. नमुन्याच्या कुपीत जराशी हवा राहिली तर तिच्यातला प्राणवायू पन्नास अंशांच्या आसपास गोठतो. तो स्वतःच चुंबकीय असल्यामुळे रेघेवर टेंगूळ येतं. नवी पोरं ते बघून हरखतात, नवा शोध लागला म्हणून नाचतात. त्यांना जमिनीवर आणायला माझं एक ठरलेलं वाक्य होतं. “शोध लागला खरा, पण प्राणवायूचा. जरा उशीर झाला.”

बैठकीत सरांनी मुंगीचा आलेख भिंतीवर दाखवला आणि मला विचारलं, “मावशी, काय वाटतं?”

मी तेच वाक्य म्हटलं. सगळे हसले. मुंगी हसली नाही.

“पण मॅडम, हवेचा फुगवटा पन्नासच्या वर येतो,” ती उभी राहून म्हणाली. “हा शेहेचाळीसला आहे.”

“तापमापकात दोन-चार अंश इकडेतिकडे होतात.”

हे खोटं होतं. माझ्या तापमापकात अर्ध्या अंशाचाही फरक कधी पडला नाही. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. शेहेचाळीसचा आकडा मलाही खटकला होता, आदल्या दिवशीच. पण सगळे आमच्याकडे बघत होते, आणि घरी हट्ट करताना कापायचा तसा तिचा आवाज कापत होता. आता मी ‘पुन्हा मोजून बघते’ म्हटलं की मावशी पाघळली असं लोक म्हणणार, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

सर म्हणाले, “मावशी हवा म्हणतात म्हणजे हवा. सोड हा पदार्थ, दुसरं काहीतरी घे.”

तीन आठवड्यांनी ती ही नळी घेऊन माझ्या खोलीत आली. उरलेले स्फटिक तिने काचेत भरले होते, पंपाने सगळी हवा ओढून घेतली होती आणि काच वितळवून बंद केली होती. “मॅडम, यात हवा नाहीच. एकदा लावून बघा. फक्त एकदा.”

“रांगेत तेवीस नमुने आहेत. नंबर लाव.”

तिने नंबर लावला. तो आला त्या आठवड्यात नेमका हेलियम कमी पडला, कुणाला तरी मागे सारणं भाग होतं, आणि मी सवयीने तिला सारलं. पुन्हा विचारायला ती आली नाही. त्या उन्हाळ्यात तिने पदवी अर्धवट सोडली.

आणि ताईने माझ्याकडे येणं सोडलं. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ताईने स्वतःची शाळा सोडून माझी शाळा केली, माझ्या वेण्या घातल्या, माझे पाढे ऐकले. तिच्या पोरीचं मी असं केलं होतं. फोनवर ती दोन शब्द बोलायची, तब्येत विचारायची आणि ठेवून द्यायची. ती रागावली आहे हे मला दिसत होतं, आणि तिचा राग योग्यच वाटत होता, म्हणून मीही कधी जाऊन विषय काढला नाही. चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिची वाचा गेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी ती गेली. ते मिटलेले डोळे मी चार वर्षं उराशी घेऊन फिरत होते.

यंत्रात आणखी एका नमुन्यापुरता हेलियम शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी नळी लावली.

बाकीचं कपाट तसंच पडलं होतं. कुणीतरी येऊन विचारून गेलं, “मावशी, अजून चालूच?” मी हूं म्हटलं. दोनशे अंश, शंभर, ऐंशी. जेवणाची वेळ झाली, मला डबा उघडावासा वाटला नाही. तो फुगवटा येऊ नये असं मला एकीकडे वाटत होतं. आला नाही तर मी बरोबर ठरणार होते आणि सुखाने निवृत्त होणार होते. पन्नास अंशांवर रेघ सरळ गेली. मला सुटल्यासारखं झालं. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. मग ती हळूच वर उचलली गेली आणि शेहेचाळीसवर तो फुगवटा आला, होता तसा, होता तिथे.

मी नमुना परत तापवत नेला. हवेचा फुगवटा उतरताना एक आणि चढताना दुसरा असतो, दोन्ही वेळा सारखा येत नाही. हा आला. मी यंत्राला डोकं टेकून रडले. एकतीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा रडत होते.

सरांनी आलेख हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. “कुणाचा हा?”

“आठ मँगनीजचा. माझ्या भाचीचा. बंद नळीतला.”

सरांना आठवायला वेळ लागला नाही. “तुम्ही नुसतं मत दिलं होतं, मावशी. निर्णय माझा होता,” ते म्हणाले. पण शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञ. दोन मिनिटांत त्यांचे डोळे चमकायला लागले. “हे छापायला हवं. असा गुच्छ अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. पहिलं नाव तिचं. पदवीचंही नियमात बसवून बघू. नमुना तेवढा जिवापाड जपा, अजून दोन-तीन चाचण्या लागतील.”

मला एकदम हायसं वाटलं. कागदावर तिचं नाव छापून आलं की नऊ वर्षं भरून निघतील, असा काहीतरी वेडा हिशेब मी घरी जाता जाता मांडत होते.

मुंगी आता दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात बनवते. तळमजल्यावर दोन खोल्यांचं तिचं दुकान आहे. भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या हिरडीवर पेन्सिलीने क्रमांक. टेबलावर पांढऱ्या भुकट्यांच्या डब्या, बारीक कुंचले, कोपऱ्यात एक छोटी भट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा ती डोळ्यांवर भिंगाचा चष्मा लावून एका दाताला कुंचल्याने लेप देत होती.

“कोण?” तिने मान वर न करता विचारलं.

“मी आहे.”

कुंचला थांबला. “मावशी? बस. एवढा एक भट्टीत जाऊ दे.”

तिने दात भट्टीत ठेवला, हात पुसले. ताई गेली त्यानंतरच्या चार वर्षांत ती वाळली होती, कानाजवळचे केस पिकले होते. चहा करू का म्हणाली. मी नको म्हटलं. येताना मी मनात मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. मी पिशवीतून आलेख काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

“हे काय?”

“तुझा नमुना. बंद नळीतला. काल लावला.”

वाळलेलं प्लास्टर चिकटलेलं बोट तिने रेघेवर ठेवलं आणि सावकाश डावीकडे नेत आणलं. फुगवट्यापाशी ते थांबलं.

“उतरताना का चढताना?”

“दोन्ही. चढतानाचा मागच्या पानावर आहे.”

“काचेचं स्वतःचं चुंबकत्व वजा केलंस?”

“केलं.”

“तापमापक?”

“तापमापक तेव्हाही बरोबरच होता,” मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर मग मला थांबता येईना. “मुंगे, मी तेव्हा सगळ्यांसमोर खोटं बोलले. शेहेचाळीस मला आदल्या दिवशीच दिसलं होतं. दुसरं कुणी असतं तर मी निमूट पुन्हा मोजलं असतं. तू होतीस म्हणून नाही मोजलं. लोक काय म्हणतील म्हणून.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तापमापकाचं. चार वर्षं तुझ्या खोलीत येत होते मी. अर्धा अंश हलला तर तू जेवायची नाहीस.”

“मग तिथल्या तिथे बोलली का नाहीस गं?”

“मॅडमना कसं बोलणार?”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती. मी घाईघाईने सरांचा निरोप सांगितला. छापायचं म्हणाले, पहिलं नाव तुझं, पदवीचंही बघतो म्हणाले. ती ऐकून घेत होती. भट्टीचा दिवा लाल होता, तिकडे तिचं अर्धं लक्ष होतं.

“ताई असती तर तिला बरं वाटलं असतं,” मी म्हणाले. “माझ्यावर रागावूनच गेली ती. आणि काय चुकलं तिचं.”

मुंगीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “आई? तुझ्यावर? आई तुझ्यावर कशाला रागावेल? ती माझ्यावर रागावली होती.”

“तुझ्यावर?”

“मी तिला बैठकीच्या दिवशीच सांगितलं होतं ना सगळं. म्हटलं, आई, माझं बरोबर आहे, मावशीचं चुकतंय. तर म्हणाली, ती एवढी वर्षं तेच काम करते, तिचं कसं चुकेल? तुझीच काहीतरी घाई झाली असणार. आणि मी पुन्हा नळी घेऊन तुझ्याकडे आले, हे कळल्यावर तर विचारूच नकोस. म्हणे, तिला चार लोकांत मान खाली घालायला लावलीस, स्वतःच्या चुकीपायी तिच्याकडे वशिला मागितलास. आता मी तिच्या घरी कुठल्या तोंडाने जाऊ?”

“म्हणून येत नव्हती ती?”

“लाजेने. दवाखान्यातसुद्धा, बोलता येत होतं तेव्हा, मला म्हणाली, मावशी आली की तिची माफी माग. मी नाही मागितली.”

ताईचे ते मिटलेले डोळे. ती माझ्याकडे बघू शकत नव्हती, आणि ते रागाने नव्हतं. मी एकदा फोन उचलून ‘ताई, चूक माझी आहे’ म्हटलं असतं तर पाच वर्षं आम्ही बहिणी एकमेकींच्या घरी गेलो असतो, मुंगीवर तिच्या आईने विश्वास ठेवला असता. एवढंसं वाक्य. ते मी म्हटलं नाही आणि आता म्हणायला जागा नव्हती. मुंगीसमोर मला रडायचं नव्हतं, तो हक्क माझा नव्हता, पण डोळे ऐकत नव्हते.

मुंगीने मला रडू दिलं. आलेखाची दोन्ही पानं तिने पुन्हा एकदा बघितली.

“सील शाबूत होतं कशावरून?” तिने विचारलं.

“भिंगाखाली बघितलं मी. तडा नव्हता.”

“तडा भिंगाखाली दिसतोच असं नाही. नऊ वर्षांत हवा शिरली असेल. मग हाही हवेचाच.”

“नाही गं, शेहेचाळीसला...”

“नळी आणलीस?”

मी कापसासकट नळी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली, स्वतःच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग प्लास्टर कालवायचा रबरी वाडगा पाण्याने भरून घेतला, दात कापायची हिऱ्याची चकती सुरू केली आणि नळीच्या टोकाजवळ काचेवर बारीकशी खाच पाडली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हवा काढलेल्या नळीचं टोक पाण्याखाली मोडलं की पाणी आपसूक आत धावतं. आत हवा असेल तर तेवढा बुडबुडा उरतो, नसेल तर काहीच उरत नाही.

“मुंगे, थांब!” मी तिचा हात धरला. “हा एवढाच आहे. पाण्यात तो टिकणार नाही. सर म्हणाले, छापायचं तर अजून चाचण्या लागतील.”

“टिकणार नाही ते मला माहीत आहे. मीच बनवलाय.”

“मग?”

“मला छापायचं नाहीये, मावशी. मला बघायचंय.”

मी हात सोडला. तिने नळी पाण्यात आडवी धरली आणि दोन्ही अंगठ्यांनी टोक मोडलं. टक् असा बारीक आवाज झाला. पाणी एका झटक्यात आत शिरलं आणि नळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन थडकलं. काळपट दाणे उडाले, गरगर फिरले, आणि त्यांच्याभोवती पाणी तपकिरी होत गेलं. मुंगीने उघड्या टोकावर बोट दाबून नळी बाहेर काढली, खिडकीसमोर धरली. एकदा या बाजूला कलती केली, एकदा त्या बाजूला. मोहरीएवढाही बुडबुडा कुठे नव्हता. आम्ही दोघी डोकी जवळ आणून शोधत होतो.

“नाही,” ती म्हणाली. “हवा नव्हती.”

“नव्हती,” मी म्हणाले.

तिने नळी वाडग्यात सोडून दिली. अकरा महिन्यांचे स्फटिक त्या पाण्यात मिसळत होते, आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

“आता हे आईला कोण सांगणार?” ती म्हणाली.

भट्टी वाजली. मुंगीने हात धुतले, चिमट्याने दात बाहेर काढून गार व्हायला ठेवला आणि भिंगाचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. फळीवरून दुसरा जबडा काढून समोर घेतला. मला ती जा म्हणाली नाही. टेबलाखालचं दुसरं स्टूल तिने पायाने माझ्याकडे, खिडकीच्या बाजूला, सरकवलं. मी तिच्याजवळ सरकून बसले. संध्याकाळपर्यंत तिला अजून सात दात द्यायचे होते.